आईच्या तोंडात पुन्हा पुन्हा पांढरं का येतं?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं. आई 64 वर्षांच्या. गेल्या आठ महिन्यांत तिसऱ्यांदा त्यांच्या जिभेवर आणि गालांच्या आतून पांढरे चट्टे आलेत. आमटीचा घोट घेतला तरी आग होते, चव गेली आहे. दरवेळी मेडिकलमधून तोंडात लावायचं औषध आणता, चार-पाच दिवसांत बरं वाटतं आणि महिना-दीड महिन्यात पुन्हा तेच. त्यांना मधुमेह आहे, दम्याचा पंप चालू आहे, वरची कवळी आहे. शेजारी उष्णता म्हणतात, एकानं पोट साफ नाही म्हणून सांगितलं आणि एका नातेवाइकानं कॅन्सरचं नाव काढून घर घाबरवलं. तुम्हाला यावरचं कायमचं औषध हवं आहे. शिवाय नातू आजीच्याच ताटात जेवतो, त्याला लागण होईल का, हेही विचारलंय.

मी दंतवैद्यकातल्या मुखरोग शाखेचा डॉक्टर. तेवीस वर्षं एका तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो. आईंचं तोंड मी पाहिलेलं नाही, त्यामुळे इथून निदान करणार नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीत उत्तराचा बराचसा भाग दडलेला आहे. तुमचं औषध बहुधा चुकलेलं नाही. चट्टे चार दिवसांत कमी होतात याचाच अर्थ औषध लागू पडतंय. ते परत का येतात, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचं उत्तर बाटलीत नाही. ते आईंच्या दिवसभराच्या तीन सवयींमध्ये शोधावं लागेल.

असे चट्टे बहुधा तोंडातल्या एका बुरशीमुळे येतात, म्हणून आधी तिच्याबद्दल. तिचं नाव कॅन्डिडा. 2021 साली कोविडनंतर काळ्या बुरशीनं आपल्याकडे अनेकांचे जबडे आणि डोळे नेले, तेव्हापासून ‘बुरशी’ म्हटलं की माणसं खुर्चीतच थरथरायला लागतात. म्हणून स्पष्ट सांगतो, ही ती नव्हे. ती म्युकर, हाडात आणि रक्तवाहिन्यांत घुसणारी. कॅन्डिडा तोंडाच्या आतल्या मऊ त्वचेच्या वरच्या थरात राहते. साधारण निम्म्या निरोगी माणसांच्या तोंडात ती एरवीही असते, कदाचित तुमच्या आणि माझ्याही. लाळ तिला धुऊन काढते, तोंडातले इतर जिवाणू तिला जागा देत नाहीत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर लक्ष ठेवतात. यातली एखादी राखण सुटली की शेतात गुरं शिरावीत तशी ती पसरते. गोल पेशींचे लांब धागे होतात, ते त्वचेला चिकटतात आणि तुम्हाला दिसतो तो दह्याच्या कवडीसारखा थर तयार होतो. औषधानं तिची संख्या घटते, पण कुंपण उघडंच राहिलं तर ती पुन्हा वाढणारच.

आता हे चट्टे कॅन्डिडाचेच आहेत कशावरून? घरी करता येईल अशी एक तपासणी आहे. स्वच्छ ओला गॉज किंवा मऊ सुती कापड बोटाला गुंडाळून चट्टा हलक्या हातानं पुसायचा. कॅन्डिडाचा थर बहुतेक वेळा निघतो आणि खाली लालभडक, कधी किंचित रक्ताळलेली जागा दिसते. थर निघालाच नाही तर गोष्ट वेगळी. तंबाखूमुळे होणारा ल्युकोप्लेकिया नावाचा पांढरा डाग पुसून जात नाही. लायकेन प्लॅनस नावाच्या विकारात गालाच्या आत पांढऱ्या रेषांची जाळी दिसते, तीही पुसली जात नाही. कॅन्डिडाचाही एक जुनाट प्रकार ओठांच्या कोपऱ्यांच्या आतल्या बाजूला घट्ट बसतो, तोही निघत नाही, आणि त्याचं पुढे कॅन्सरमध्ये रूपांतर होण्याची शक्यता असते. म्हणून नियम एकच: न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग दोन-तीन आठवड्यांनंतरही टिकून असेल तर औषधं बदलत बसायचं नाही. तज्ज्ञाला दाखवायचं आणि त्यानं बायोप्सी, म्हणजे डागाचा छोटा तुकडा काढून तपासणी, सुचवली तर करायची. तुमच्या नातेवाइकाची भीती अगदीच निराधार नाही, पण तिचं उत्तर आठ महिने काळजी करण्यात नाही, या एका तपासणीत आहे.

इथे एक गोष्ट विचारतो, राग मानू नका. आई मिश्री लावतात का? तुमच्या पत्रात तंबाखूचा उल्लेख नाही. पण माझ्याकडे ‘तंबाखू कधीच नाही’ म्हणणाऱ्या कितीतरी बायका सकाळ-संध्याकाळ मिश्री लावणाऱ्या निघतात. त्यांच्या लेखी ते दात घासणं असतं. भाजला तरी तो तंबाखूच, आणि मग तोंडातल्या प्रत्येक पांढऱ्या डागाकडे मला वेगळ्या नजरेनं बघावं लागतं. सुपारीचंही तसंच. तोंड कमी उघडत असेल आणि गाल आतून ताठ, फिकट झाले असतील, तर तिखटाची आग सुपारीची असू शकते. तिथे बुरशीचं औषध काहीच करणार नाही.

हे सगळं बाजूला पडलं आणि चट्टे खरोखर कॅन्डिडाचेच निघाले, असं धरून पुढे जातो.

पहिला संशय पंपावर. दम्याचे पंप दोन तऱ्हेचे असतात. धाप लागल्यावर लगेच घ्यायचा, आणि रोज ठरलेल्या वेळी घ्यायचा. रोजच्या पंपात बहुधा स्टिरॉइड असतं: बुडेसोनाइड, फ्लुटिकासोन किंवा बेक्लोमेथासोन. डब्यावरचं नाव वाचा. ओढलेल्या औषधाचा मोठा भाग फुप्फुसात न पोचता जिभेवर, टाळूवर आणि घशात बसतो आणि तिथली प्रतिकारशक्ती कमी करतो. उपाय सोपा आहे. पंप घेतला की लगेच पाण्यानं खळखळून चूळ भरायची, घशापर्यंत गुळणी करायची आणि ते पाणी थुंकायचं, गिळायचं नाही. पंप सकाळ-संध्याकाळ दात घासण्याच्या आधी ठेवला तर चूळ विसरली जात नाही. दाबायचा पंप असेल तर स्पेसर, म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामध्ये लावायची ती प्लास्टिकची नळी, जरूर घ्या. तोंडात बसणारं औषध बरंच कमी होतं. कॅप्सूल घालून ओढायच्या यंत्राला स्पेसर लागत नाही, तिथे चूळ हाच उपाय. पण पंप बंद करू नका. तोंडातल्या चट्ट्यांना घाबरून पंप सोडलेली माणसं मध्यरात्री धापा टाकत दवाखान्यात आणलेली मी पाहिली आहेत. चट्टे त्रास देतात, दम्याचा झटका जीव घेऊ शकतो.

दुसरा संशय कवळीवर. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आईंना आज रात्री कवळी काढायला सांगा आणि टॉर्च मारून टाळू बघा. कवळी जिथे टेकते तेवढीच जागा, अगदी कवळीच्या आकारात, लाल दिसते का? कवळीखालची बुरशी पुष्कळदा पांढरी नसतेच, नुसती लाल असते, आणि दुखतही नाही. त्यामुळे ती वर्षानुवर्षं कळत नाही. कवळी ॲक्रिलिकची असते, गुळगुळीत दिसली तरी तिला सूक्ष्म छिद्रं असतात. कॅन्डिडा त्यांत चिकट थर करून राहते. तोंडात औषध लावून तुम्ही त्वचा साफ करता आणि त्याच त्वचेवर बुरशीनं भरलेली कवळी पुन्हा चढवता. मग महिन्याभरात चट्टे परत येतात यात नवल नाही.

दवाखाना सुरू करून फार वर्षं झाली नव्हती, तेव्हा एक निवृत्त शिक्षिका माझ्याकडे वर्षभर येत होत्या. दरवेळी मी तोंडात लावायचं औषध देत होतो, दरवेळी त्या बऱ्या होऊन जात आणि परत येत. रात्री कवळी काढता का, असं विचारलं की त्या मान डोलवायच्या. एकदा सोबतची सून बाहेर गेल्यावर त्यांनी हळूच सांगितलं की अकरा वर्षांत त्यांनी कवळी रात्री कधीच काढलेली नाही. खोलीत नातवंडं झोपतात, बोळकं तोंड कुणाला दिसू नये म्हणून. धुवायची तीही दाराला कडी लावून, मिनिटभर. चूक माझी होती. मी चारचौघांत विचारलं आणि त्यांच्या होकारावर वर्षभर विसंबलो. त्या दिवसापासून हा प्रश्न मी एकट्यानं, दार लावून विचारतो. तुमच्या आईंना हे तुम्ही विचारण्यापेक्षा त्यांच्या बहिणीनं किंवा मैत्रिणीनं विचारलं तर कदाचित खरं उत्तर मिळेल. आणि झाकणाची एक छोटी डबी त्यांच्या उशाशी ठेवा, म्हणजे कवळी सगळ्यांसमोर पेल्यात ठेवावी लागणार नाही.

कवळीची निगा अशी. जेवणानंतर प्रत्येक वेळी काढून धुवायची. दिवसातून एकदा मऊ ब्रश आणि साध्या साबणानं आतली, टाळूकडची बाजू नीट घासायची. टूथपेस्ट नको, तिच्यातल्या खरखरीत कणांनी ॲक्रिलिकवर चरे पडतात आणि बुरशीला आणखी जागा मिळते. खाली पाण्यानं भरलेलं घमेलं ठेवा, हातातून निसटली तर फुटणार नाही. उकळतं पाणी कधीच नको, कवळी वाकते. रात्री तोंडाबाहेर, साध्या पाण्यात ठेवा. चट्टे असेपर्यंत रोज दोनदा पंधरा-वीस मिनिटं 0.2 टक्के क्लोरहेक्सिडीनच्या द्रावणात बुडवायची आणि मग खळखळून धुवायची. आणि कवळी किती जुनी आहे? पाच-सात वर्षांत हिरड्या झिजतात, कवळी सैल होऊन घासायला लागते. अशा वेळी आतून नवं अस्तर किंवा नवी कवळीच करावी लागते. दात झिजून जबडे जवळ आले की ओठांचे कोपरे दुमडतात, तिथे लाळ साठते आणि चिरा पडतात. त्या चिरांतही पुष्कळदा हीच बुरशी असते.

तिसरं म्हणजे साखर. उपाशीपोटीची एक साखर बघून ‘नॉर्मल आहे’ म्हणू नका. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी तपासणी गेल्या सहा महिन्यांत झाली नसेल तर करून घ्या. साखर चढी राहिली की लाळेतलं ग्लुकोज वाढतं, पांढऱ्या पेशींचा जोर कमी होतो आणि तोंड कोरडं पडतं. तिन्ही गोष्टी बुरशीला मानवतात. चट्टे परत यायला लागणं हीच कधी कधी साखर हाताबाहेर गेल्याची पहिली खूण असते. कोरडेपणाबद्दल आईंना वेगळं विचारा: रात्री पाण्यासाठी उठावं लागतं का, कोरडी भाकरी पाण्याशिवाय उतरते का? सर्दीच्या, झोपेच्या, नैराश्याच्या, लघवीच्या काही गोळ्यांनी लाळ आटते. सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. नावं आठवून सांगण्यात एखादी राहूनच जाते.

बाकीची कारणं थोडक्यात. अलीकडे अँटिबायोटिकचा लांब कोर्स झाला होता का? तोंडातले जिवाणू मेले की बुरशीला मोकळं रान मिळतं. लोह, बी12 किंवा फॉलिक ॲसिड कमी असेल तरी जीभ गुळगुळीत होऊन आग होते आणि बुरशी धरते. म्हणून हिमोग्लोबिनची तपासणी हवीच. आईंच्या बाबतीत तीन कारणं समोरच आहेत, पण हे वाचणाऱ्या इतरांसाठी लिहून ठेवतो: तरुण, एरवी धडधाकट माणसाच्या तोंडात काही कारण नसताना असे चट्टे आले तर एचआयव्हीची तपासणी टाळू नये. सरकारी रुग्णालयांत ती मोफत होते आणि गुप्त राहते. लवकर कळलं तर औषधांवर माणूस पूर्ण आयुष्य जगतो.

आता औषध. क्लोट्रिमाझोलचं तोंडात लावायचं औषध किंवा निस्टॅटिनचं पातळ औषध, साध्या आजाराला यापुढे जावं लागत नाही. पण वापर बहुतेकांचा चुकतो. कवळी काढून, जेवणानंतर, दिवसातून तीन-चार वेळा लावायचं. जिभेवर, गालांत, टाळूवर जितका वेळ ठेवता येईल तितकं चांगलं, आणि त्यानंतर अर्धा तास चहासुद्धा नाही. कोर्स सात ते चौदा दिवसांचा. चट्टे दिसेनासे झाले तरी निदान दोन दिवस आणखी. तुम्ही चौथ्या-पाचव्या दिवशी थांबत असाल तर तेही परत येण्याचं एक कारण आहे. निस्टॅटिन आणि क्लोरहेक्सिडीनच्या चुळा एकापाठोपाठ घेऊ नका, दोघं एकमेकांचा परिणाम मारतात. मध्ये निदान अर्धा तास जाऊ द्या.

वरून लावून भागलं नाही, तर फ्लुकोनाझोलच्या गोळ्या येतात, साधारण 100 ते 200 मिलिग्रॅम रोज, एक ते दोन आठवडे. इथे मात्र हात जोडून सांगतो, मेडिकलमधून परस्पर आणू नका. आईंना मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल तर फ्लुकोनाझोलनं तिचा परिणाम वाढून साखर धोकादायक खाली उतरू शकते. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनबरोबर रक्तस्राव होऊ शकतो. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर स्नायूंना इजा होऊ शकते. वॉरफरिनच्या बाबतीत तोंडात लावायचं मायकोनाझोल जेलही तितकंच जपून वापरावं लागतं, ‘नुसतं लावायचं आहे’ म्हणून सोडून द्यायचं नाही. गोळ्यांनीही फरक पडला नाही तर चट्ट्याचा नमुना प्रयोगशाळेत पाठवतो. कॅन्डिडाच्या काही जातींवर फ्लुकोनाझोल नीट चालत नाही, तेव्हा अंदाजानं औषध वाढवण्यात अर्थ नसतो.

घरगुती उपायांचं विचारलंय. कोमट मीठपाण्याच्या किंवा पेलाभर पाण्यात अर्धा चमचा खाण्याचा सोडा घालून केलेल्या गुळण्यांनी आराम पडतो, खुशाल करा. दही जेवणात असू द्या, पण त्याला औषध समजू नका. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या तोंड आलं की आपल्याकडे हमखास घेतल्या जातात. त्या जीवनसत्त्वांची कमतरता असेल तर उपयोगी, बुरशीवर त्यांचा परिणाम नाही. जीभ मीठ लावून खरवडणं तेवढं बंद करा, त्वचा सोलली जाते आणि आग दुप्पट होते. आणि टाकणखाराची लाही मधात घालून चट्ट्यांवर लावायची जुनी रीत आता सोडावी, तान्ह्या बाळाला तर मुळीच नको. टाकणखार पोटात गेला तर विषारी ठरू शकतो आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देणं धोक्याचं असतं.

क्रम विचाराल तर मी हा सांगेन: आज चट्टा पुसून बघा आणि टाळू बघा, आजपासूनच चूळ आणि रात्री कवळी बाहेर. या आठवड्यात एचबीए1सी आणि हिमोग्लोबिन. रिपोर्ट, कवळी, पंप आणि गोळ्यांची पिशवी घेऊन जवळच्या मुखरोगतज्ज्ञाकडे किंवा दंत महाविद्यालयात. वाट बघायची नाही अशा गोष्टी दोनच: घास गिळताना छातीत दुखणं किंवा अडकणं, कारण मग बुरशी अन्ननलिकेत उतरलेली असू शकते, आणि तापाबरोबर माणूस एकदम खचणं. कुणाची केमोथेरपी किंवा मानेला रेडिएशन चालू असेल, तर पहिल्या चट्ट्यालाच त्यांच्या डॉक्टरांना कळवा.

राहिला नातू. निरोगी मुलाला आजीच्या ताटातून हा आजार होत नाही. ही बुरशी कदाचित त्याच्या तोंडातही असेल आणि त्याची लाळ तिला ताब्यात ठेवून असेल. तो तान्हा असता किंवा त्याची प्रतिकारशक्ती एखाद्या आजारानं कमी असती तर मी चमचा वेगळा ठेवा म्हटलं असतं. आजीनं गेले काही महिने त्याला जवळ घेणं कमी केलंय, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. त्यांना माझा निरोप सांगा, त्याला पुन्हा मांडीवर घेऊन, आपल्याच ताटात जेवू घाला.